मंगळवारी रात्री कोण येतं?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

परळला टाटा हॉस्पिटलबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना जेवण द्यायचं तुम्ही ठरवलंत, हे वाचून फार बरं वाटलं. पण महिन्यातून एकदा पाचशे जणांना पुरी-श्रीखंड, हा बेत मला पटला नाही. सणावाराला, पितृपक्षात, कुणाच्या वाढदिवसाला तिथे अन्न येतंच. भर पावसात मंगळवारी रात्री कोण येतं? रेडिएशन म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, तेही कित्येक आठवडे. बिहार-बंगालमधून आलेलं कुटुंब तेवढे दिवस इथे अडकतं. उद्याचं जेवण नक्की मिळणार एवढं कळलं, तर तेवढे पैसे औषधाला उरतात. म्हणून पन्नास जणांचंच करा, पण ठरलेला वार चुकवू नका.

पन्नास जणांना साधारण चार किलो तांदूळ आणि दोन किलो मूगडाळीची खिचडी पुरते. तिखट बेतानं घाला. शिजल्यावर दोन तासांच्या आत वाटून संपवा. कोमट भातात जंतू वाढतात आणि पुन्हा तापवला तरी त्यांचं विष जात नाही. केमो चाललेल्या माणसाला साधं जुलाबाचं दुखणंही झेपत नाही. त्यामुळे नातेवाइकांना विचारल्याशिवाय पेशंटच्या हातात काही देऊ नका. त्याचं पथ्य डॉक्टर ठरवतात.

तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट तिथे पुष्कळ. नाकात नळी घातलेल्या नवऱ्याशेजारी बसलेली एखादी बाई तुला दिसेल. त्याच्यासमोर घास घेणं तिच्या जिवावर येतं. डबा घेऊन ती खांबाआड जाते, पाठ फिरवून भराभर चार घास गिळते. तिच्यामागे जाऊन ‘ताई, अजून वाढू का?’ असं विचारायचं नाही. आणि तिचा फोटो तर कधीच काढायचा नाही! देणगीदाराला फोटो हवाच असेल, तर भरलेल्या पातेल्याचा पाठव.

गाडगेबाबांच्या दशसूत्रीत पहिलंच सूत्र आहे, ‘भुकेलेल्यांना अन्न’. ते सगळ्यांना पाठ असतं. पण बाबा गावात शिरले की आधी झाडू हातात घ्यायचे, हे अन्न वाटणारे विसरतात. त्या फुटपाथवर रात्री माणसं झोपतात. खरकट्या पत्रावळी तिथेच टाकून निघून आलात, तर त्यांना उंदीर-झुरळांत झोपावं लागतं. वाटप संपल्यावर जागा झाडून, धुऊनच निघा. झाडणाऱ्यांची नावं वाढणाऱ्यांच्या आधी ठरवा.

बाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा कॅन्सरच्या पेशंटांना आणि नातेवाइकांना आसरा देते. सुरुवात करण्याआधी तिथे जाऊन ये, लोकांशी बोल. कोणत्या वेळी जेवणाची अडचण होते, ते त्यांच्याकडूनच कळेल.

मोठी दोन पातेली आमच्याकडे पडून आहेत, रिक्षा करून घेऊन जा. तांदूळ जुना घे, नव्याचा गिच्च गोळा होतो.

तुझी,
मावशी