निळ्या दाढीवाल्याची सासू

चि. …स अनेक आशीर्वाद.

तुझी सिंड्रेला वाचली. तिच्या हाती तलवार दिलीस, राजपुत्राला भित्रा केलंस. भाषा गोड आहे, पण पुढचं सगळं मला पहिल्याच पानावर कळलं. जुन्या परीकथा नव्याने सांगितल्या की लोकांना एवढ्या का आवडतात, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर आणि तुझ्या गोष्टीची अडचण एकाच ठिकाणी आहे.

फ्रेंच लेखक शार्ल पेरोची १६९७ सालची निळ्या दाढीवाल्याची गोष्ट सावकाश वाच. नवरा परगावी जाताना किल्ल्यांचा जुडगा देतो आणि एक खोली उघडायची नाही म्हणून बजावतो. बायको उघडते. आत आधीच्या बायकांची प्रेतं. हातातली किल्ली रक्तात पडते. वाळूने घासली तरी डाग एका बाजूने जातो आणि दुसऱ्या बाजूला उमटतो. शेवटी भाऊ घोडे दौडवत येतात, ती वाचते. आणि एवढं झाल्यावर पेरो तात्पर्य सांगतो ते बायकांच्या चौकसपणावर! याचा मला आजही संताप येतो.

पण त्या गोष्टीत मुलीची आई आहे. मागणी तिच्याकडेच घातली होती, मेजवान्यांना तीही होती. लग्न लागलं आणि आई गोष्टीतून नाहीशी झाली. इंग्रज लेखिका अँजेला कार्टरने १९७९ साली हीच गोष्ट ‘द ब्लडी चेंबर’ या कथेत नव्याने सांगितली आणि नेमकी तिलाच परत आणली. लेक सासरहून फोन करते, काही झालं नाही म्हणते, न्हाणीघरात सोन्याचे नळ आहेत म्हणून सांगते आणि रडायला लागते. सोन्याच्या नळांपायी कोण रडतं? आई तशीच निघते. जावयाने तलवार उपसलेली असताना घोड्यावरून येऊन थडकते आणि स्वतःच्या नवऱ्याच्या जुन्या रिव्हॉल्व्हरने त्याला गोळी घालते.

तिथे माझ्या अंगावर काटा येतो. सुटका होणार हे ठाऊक असतं, कोण येणार ते नसतं. आणि आल्यावर वाटतं, हिनेच यायला हवं होतं, आजवर आपल्याला ती आठवली कशी नाही?

बदल करायला कचरू नकोस. १८१२ साली ग्रिम बंधूंच्या स्नो व्हाइटच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई होती. १८१९च्या आवृत्तीत त्यांनीच तिला सावत्र केलं. फक्त बदल गोष्टीच्या आतून यावा. तुझी तलवार बाहेरून आली आहे.

पेरोच्या सिंड्रेलाचा बाप जिवंत आहे, ठाऊक आहे का? पोर त्याच्याकडे गाऱ्हाणं नेत नाही, कारण तो बायकोच्या मुठीत आहे आणि उलट आपल्यालाच रागावेल हे तिला माहीत आहे. सगळ्या जणी नाचाला गेल्या त्या रात्री हा गृहस्थ कुठे होता? चुलीजवळ रडणारी मुलगी त्याला ऐकू आली का? तेवढा एकच प्रसंग लिही, तलवारीशिवाय, आणि मला पाठव.

तुझ्या बाई