नव्या वर्षाचे संकल्प दरवर्षी फेब्रुवारीपर्यंत बारगळतात. ध्येयं ठरवायची तरी कशी?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही मूळचे जळगावचे, आता बडोद्यात मकरपुऱ्याला नोकरी, आणि दर आठवड्याला पाळी बदलते. दर ३१ डिसेंबरला सहा कलमांची यादी होते: दहा किलो वजन उतरवायचं, पहाटे पाचला उठायचं, वर्षात २४ पुस्तकं वाचायची, एक लाख रुपये शिल्लक टाकायचे, गुजराती शिकायचं आणि मोबाइल कमी करायचा. फेब्रुवारीत त्यातलं एकही उरत नाही. यंदा यादी कशी करू, असं तुमचं विचारणं आहे.

माझं मत विचाराल तर यंदा यादी करूच नका. चार महिन्यांचा एक नेम धरा आणि तो तडीस न्या.

मी बडोद्यातल्या दांडिया बाजारात वाढले. आमच्या घरी १ जानेवारीला संकल्प करायची पद्धत नव्हती. नेम धरायचे ते चातुर्मासात, आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत. कुणी कांदा-लसूण-वांगं सोडायचं, कुणी जेवताना मौन पाळायचं. एका वर्षी आजीने लक्ष वातींचा नेम धरला. दुपारचा चहा झाला की ती माजघरात भिंतीला पाठ टेकून बसायची. पुढ्यात कापसाचा पेळू, शेजारी वाटीत चिमूटभर राख. बोटं राखेत टेकवून वात वळायची, शंभर झाल्या की दोऱ्याने जुडी बांधायची, आणि उठताना कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकटीत जुड्यांचा आकडा लिहायची. एक लाख भागिले साधारण १२० दिवस, म्हणजे रोजच्या आठशे ते साडेआठशे वाती. हा भागाकार तिने पहिल्याच दिवशी केलेला होता. कुणी पाहुणे आले तर जुड्या कमी पडायच्या, मग पुढच्या तीन-चार दिवसांत एकेक जास्त वळून ती भरून काढायची. कार्तिकात उद्यापन झालं, त्या वाती देवळात गेल्या, नेम संपला. पुढच्या वर्षी ती काही वेगळंच करणार होती.

मी सीएच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते, त्यामुळे तुमची यादी वाचताना तो भागाकारच आठवला. तुमच्या कलमांना शेवट नाही आणि रोजचा हिस्साही नाही. शिवाय त्यातली निम्मी कलमं म्हणजे फळं आहेत, कामं नाहीत. दहा किलो उतरणं तुमच्या हातात नाही. रोज अर्धा तास चालणं आणि रात्रीच्या जेवणात भात एकदाच घेणं हातात आहे. नेम नेहमी हातातल्या गोष्टीचाच धरतात. वजन काट्यावर उतरायचं तेव्हा उतरेल.

दुसरी गोष्ट वेळेची आणि जागेची. पूजेच्या आधी गुरुजी हातात पाणी देऊन संकल्प सोडायला लावतात, तेव्हा काय काय म्हणवून घेतात ते आठवा. संवत्सर, महिना, तिथी, वार, आपलं नाव-गोत्र आणि आपण कुठे बसलो आहोत ते. नाशिककडे त्यात गोदावरी येते, आमच्या बडोद्यात नर्मदेच्या उत्तर तीराचा उल्लेख येतो. कोण, कुठे, कधी, काय करणार, हे सगळं उच्चारल्यावरच पाणी सोडायचं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने नेमकं हेच तपासून पाहिलं. त्याने आणि त्याच्या सहकारी ब्रँडस्टेटर यांनी विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा अहवाल लिहायला सांगितला. तो कुठे आणि कधी बसून लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवून ठेवलं, त्यांच्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश जणांनी तो वेळेत लिहिला. बाकीच्यांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास होतं. इच्छा तर दोन्हीकडे होतीच.

तुमच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं, कारण तुमची पाळी बदलते. 'रोज सकाळी सहाला चालेन' हे वाक्य तुम्ही लिहूच नका. दुसऱ्या पाळीहून रात्री बाराला घरी पोचणाऱ्या माणसाने पहाटे पाचला उठायचं ठरवणं म्हणजे झोपेचं नुकसान. ते कलम आजच खोडा. चालण्यासाठी दोन वाक्यं लिहा. पहिली पाळी असेल त्या आठवड्यात घरी येऊन चहा झाला की बूट घालायचे. दुसरी पाळी असेल त्या आठवड्यात उठल्यावर, आंघोळीच्या आधी. घड्याळाला बांधू नका, चहाला आणि आंघोळीला बांधा, त्या कुठल्याही पाळीत होतातच. जागाही जवळची निवडा. कमाटीबाग मला प्राणाहून प्रिय आहे, पण तुम्ही मकरपुरा-मांजलपूर भागात राहत असाल तर रोज तिथवर येणं निभणार नाही. लालबाग बघा, नाहीतर सोसायटीच्या भोवतीचे फेरे. आणि एप्रिल लागला की इथे पारा चाळिशीपार जातो, तेव्हा दुपारी चारचा चहा आणि चालणं यांची फारकत करून सात वाजता निघावं लागेल. हेही आत्ताच लिहून ठेवा. उन्हाने नेम मोडला असं व्हायला नको.

सुरुवात १ जानेवारीला करायचा हट्ट नको. इथल्या हिवाळ्यात तुम्ही पाहिलंच असेल, १४ जानेवारीला उत्तरायण, १५ला वासी उत्तरायण, दोन्ही दिवस अख्खं गाव गच्चीवर, आणि खाली ऊंधियू, जलेबी, चिक्की. खाण्यापिण्याचा नेम १ तारखेला धरून दोन आठवड्यांत या सणाला सामोरं जायचं कशाला? सण मनसोक्त साजरा करा आणि १६ला सुरू करा. आपल्या बडोदेकर मराठी माणसांकडे नव्या वर्षांची चणचणही नाही. जानेवारी आहे, आपला पाडवा आहे, माझ्या ऑफिसचं वर्ष १ एप्रिलला उजाडतं, आणि दिवाळीत गुजराती शेजाऱ्यांचं बेसतुं वरस असतं. कॅथरीन मिल्कमन आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिलं की नव्या वर्षासारखीच उभारी माणसाला नव्या महिन्याच्या, नव्या आठवड्याच्या आरंभी आणि वाढदिवसानंतरही येते. म्हणजे एक मुहूर्त हुकला तर अकरा महिने थांबायचं काही कारण नाही.

बचतीबद्दल मात्र मी ठाम आहे, कारण ते माझं रोजचं काम आहे. वर्षाला एक लाख म्हणजे महिन्याला ८,३३४ रुपये. महिनाअखेर उरेल ते टाकू असं म्हणणाऱ्याकडे काही उरत नाही. बँकेत आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम टाकायचं खातं, उघडा आणि हप्त्याची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची ठेवा. आठ हजार जड जात असतील तर पाच हजारांनी सुरू करा. हे एकदा बसून करायचं काम आहे, त्याला रोजचा निग्रह लागत नाही, म्हणून हे नेमात धरू नका, या रविवारीच उरकून टाका. आणखी एक, मार्चमध्ये कुणी 'टॅक्स वाचेल' म्हणून विमा पॉलिसी गळ्यात घालायला आलं तर आधी कंपनीत विचारा की तुमचा कर कुठल्या प्रणालीत कापला जातो. नव्या करप्रणालीत विम्याच्या हप्त्यावरची वजावट, जिला ८०सी म्हणतात, ती मिळतच नाही. तुमच्या वयाची किती मुलं दरवर्षी त्या घाईत नको ती पॉलिसी घेऊन बसतात, हे बघून जीव तुटतो.

मोबाइलचं कलम 'कमी करायचा' असं ठेवू नका. स्वीडनमध्ये हजारावर लोकांच्या संकल्पांचा वर्षभर पाठपुरावा झाला, तो अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. 'अमुक करेन' असे संकल्प करणारे सुमारे ५९ टक्के लोक वर्षाअखेर यशस्वी ठरले, 'अमुक सोडेन, टाळेन' म्हणणारे ४७ टक्के. तेव्हा मोबाइल आणि पुस्तकं ही दोन कलमं एक करा. झोपताना फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, उशाशी पुस्तक, दहा पानं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत मराठी पुस्तकं मिळतात, सभासद व्हा. १९१० साली सयाजीराव महाराजांनी ती उभी केली. आकडा मात्र २४ नको. महाराजांनी मोफत सक्तीचं प्राथमिक शिक्षणसुद्धा एकदम संस्थानभर लागू केलं नव्हतं. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरू करून पाहिलं, अडचणी समजून घेतल्या आणि मग १९०६ मध्ये सगळ्या राज्यात नेलं. हाती सत्ता असलेल्या राजाने आधी एक तालुका घेतला, तर आपण चार महिने घ्यायला काय हरकत आहे?

मध्ये खंड पडेल. आजारपण येईल, ओव्हरटाइम लागेल, जळगावला लग्न निघेल. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या सवयी कशा पडतात ते पाहिलं. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८च, तर कुणासाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. तुमच्या पत्रातली जी ओळ मला सर्वांत जास्त लागली ती हीच, 'एक दिवस चुकला की वाटतं, यंदाही जमलं नाही.' एक दिवस चुकणं म्हणजे एक दिवस चुकणं, बस्स. पाहुणे गेल्यावर आजी जुड्या भरून काढायची, तिला कधी नेम मोडल्यासारखं वाटलं नाही. कॅलेंडरवर ती चौकट रिकामी ठेवा आणि पुढच्या चौकटीत आकडा लिहा.

मग उरलं गुजराती. ते शेवटी ठेवलं, पण खरं तर तुमचं तेच सगळ्यांत सहज होईल असं मला वाटतं. लिपी देवनागरीसारखीच, शिरोरेषा नाही इतकंच, आणि ख, च, ज, झ, फ, ब अशी काही अक्षरं वेगळी. दुकानांच्या पाट्या वाचत गेलात तर लिपी लवकर हाताशी येते. बोलायची सुरुवात भाजीवालीपासून करा, ती दुरुस्त करते आणि मनापासून करते.

तर माझा सल्ला असा: १६ जानेवारी ते १५ मे, चालण्याचा नेम. १५ मेला उद्यापन म्हणून घरी बोलावून चार मित्रांना जेवू घाला. मग आषाढीपर्यंत मोकळे राहा. आषाढी ते कार्तिकी वाचनाचा नेम धरा, आणि त्याच काळात पाट्या वाचता वाचता गुजराती होऊन जाईल. आता एकच करा, चालण्याची ती दोन वाक्यं आज रात्री कागदावर लिहा आणि चहाच्या डब्याला चिकटवा. पाळीचा काही वेगळा घोळ असेल, रात्रपाळीही लागत असेल, तर खाली लिहा, त्याप्रमाणे वेळ कशी बसवायची ते आपण बघू.