वारा पडलेला असतानाही उत्तनच्या किनाऱ्यावर मोठ्या लाटा का येतात?

त्या लाटा इथल्या वाऱ्याच्या नसतात. बहुतेक वेळा दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांनी उठवलेला तो स्वेल, म्हणजे लांबून चालत आलेल्या लाटा असतात. लागोपाठच्या दोन लाटांमधला वेळ मोजा: ५-७ सेकंद भरला तर लाट जवळच्या वाऱ्याची, १५-२० भरला तर लांबून आलेली. १८ सेकंदांच्या लाटांची ऊर्जा ताशी साधारण ५० किमीने सरकते, म्हणजे ७००० किमीला जवळपास सहा दिवस. खोल पाण्यात अशी लाट बुटकी दिसते, उथळात चढते. फसगत होते ती इथेच. हैदराबादच्या इन्कॉइसचा (समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा) स्वेलचा इशारा उधाणाच्या भरतीशी ताडून पाहा, जुळला तर होड्या वर ओढून घ्या. वाशी-ऐरोलीच्या खाडीत मात्र हा स्वेल फारसा शिरत नाही. तिथलं पाणी चढतं ते भरती आणि पावसाने.