घाटात ओढ कमी पडते. फिल्टर बदलावा की प्लग?

प्रश्न : माझी १२०० सीसीची पेट्रोल गाडी ७० हजार किलोमीटर चालली आहे. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटात ती अलीकडे ओढत नाही, मध्येच झटके देते. ॲक्सेसरीच्या दुकानात सांगितले की, फिल्टरचा मूळ डबा काढून शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर आणि सोबत इरिडियमचे स्पार्क प्लग बसवा. पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही वाढेल. हा खर्च करावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : फिल्टरवर करू नये. प्लगवर करण्याची वेळ बहुधा आली आहे, मात्र दुकानदाराने दिलेल्या कारणासाठी नव्हे.

‘दोन्ही वाढेल’ हे आश्वासनच आधी तपासून पाहावे. पेट्रोल नीट जळण्यासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते आणि हे प्रमाण सांभाळण्याचे काम एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, करत असतो. जास्त हवा आत गेलीच, तर ईसीयू त्या मानाने पेट्रोलही जास्त सोडणार. मग ॲव्हरेज वाढणार कुठून?

मुळात जास्त हवा जाते का, हाही प्रश्नच आहे. तुमचे इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर आणि थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) पूर्ण उघडा असताना मिनिटाला फार तर ३६०० लिटर हवा ओढेल, आणि मूळ कागदी फिल्टर तेवढी हवा देण्याच्या हिशेबानेच बनवलेला असतो. रोजच्या वापरात तर थ्रॉटलची झडप अर्ध्याहून अधिक मिटलेली असते. नळाची तोटी अर्धी बंद ठेवायची आणि टाकीपासूनचा पाइप मात्र जाड करायचा, तसा हा प्रकार आहे. शिवाय मूळ डब्याचे नळकांडे सहसा बाहेरची हवा घेते, तर उघडा शंकू बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. ३५ अंशांची हवा ६० अंशांपर्यंत तापली की तिची घनता सात-आठ टक्क्यांनी घटते, म्हणजे पैसे मोजून ताकद घालवण्याचीच ही सोय झाली. काही शंकूंच्या जाळीला तेल लावावे लागते. ते जास्त झाले तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसते. डबा निघाल्यामुळे हवा ओढण्याचा आवाज मोठा होतो आणि चालवणाऱ्याला गाडी पळू लागल्याचा भास होतो, एवढा फरक मात्र खात्रीने पडतो.

आता प्लगकडे वळू. ते शेवटचे कधी बदलले, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि तीच खरी गोम असावी. ठिणगी पडून पडून प्लगची टोके झिजतात, त्यांच्यातली गॅप वाढते आणि ठिणगी पडायला अधिक व्होल्टेज लागू लागते. सपाट रस्त्यावर हे निभावून जाते. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, व्होल्टेजची गरज आणखी चढते आणि ते व्होल्टेज पुरवणारी कॉइल अपुरी पडून एखादी ठिणगी चुकते. घाटातले झटके बहुधा याचेच असतील.

इंजिन गार असताना सगळे प्लग काढायला लावा आणि स्वतः पाहा. मधल्या चिनी मातीच्या भागाचा रंग दुधाच्या चहासारखा असेल, तर ज्वलन ठीक आहे; कोरडी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त जात आहे किंवा ठिणगी चुकते आहे; तेलकट ओल असेल, तर दुखणे इंजिनाचे आहे आणि ते कोणत्याही प्लगने बरे होणार नाही.

इरिडियमचा खरा गुण टिकाऊपणात आहे. साध्या प्लगच्या टोकाचे निकेल १४५५ अंशांना वितळते, इरिडियम सुमारे २४५० अंशांना. त्यामुळे त्याचे टोक ०.६ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक ठेवता येते आणि बारीक टोकाला व्होल्टेज कमी पुरते. मात्र सुस्थितीतल्या निकेल प्लगच्या तुलनेत ताकद वाढलेली जाणवणार नाही. मॅन्युअलमध्ये निकेल सांगितले असेल, तर निकेलच घाला. इरिडियम सांगितले असेल, तर स्वस्तासाठी खाली उतरू नका. इरिडियमच्या नावाने डुप्लिकेट मालही बराच खपतो, तेव्हा बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्यावा. त्याच फेरीत मूळ प्रकारचा नवा कागदी फिल्टरही बसवून टाका; हवा मारून मारून वापरलेला कागद कुठे फाटला असेल, तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते.

प्रश्न : मोटारसायकलला एनजीकेचा ७ क्रमांकाचा प्लग होता. बॉशचा ७ क्रमांकाचा मिळतो आहे. चालेल का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : नाही. हा आकडा प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते सांगतो आणि दोन्ही कंपन्यांची मोजणी उलटी आहे : एनजीकेचा आकडा वाढला की प्लग अधिक ‘थंड’, म्हणजे उष्णता लवकर टाकणारा, असतो, बॉशचा वाढला की अधिक ‘गरम’. बॉशचा ७ तुमच्या गाडीला जास्त गरम पडेल आणि लांबच्या पल्ल्यावर, विशेषतः उन्हाळ्यात, ठिणगीआधीच मिश्रण पेटून पिस्टनला इजा होऊ शकते. बॉशचाच घ्यायचा असेल, तर दुकानदाराकडून पर्यायी क्रमांकांचा तक्ता मागून घ्या आणि त्यात जुन्या प्लगवरचा संपूर्ण क्रमांक, अक्षरांसह, जुळवून पाहा.