ट्रॅक डेला जाताना एबीएसचा फ्यूज काढावा का?

तुम्ही लिहिलंय की पहिल्यांदाच ट्रॅक डेला, म्हणजे स्वतःची गाडी रेस ट्रॅकवर चालवायला, चाललाय, गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. कुणीतरी सांगितलं, 'एबीएसचा फ्यूज काढ, लॅप टाइम सुधारेल.' काढू नका.

एबीएसचं युनिट ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ, म्हणजे फिरायची थांबून घसरू देत नाही, पण तेवढंच त्याचं काम नाही. मागच्या ब्रेकला किती दाब जाऊ द्यायचा, म्हणजे ईबीडी, हेही तेच ठरवतं. जुन्या गाड्यांत त्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह असायचा, एबीएसच्या गाड्यांत तो बहुतेक नसतो. फ्यूज काढला की ईबीडी गेलं, ईएसपी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) असेल तर तेही गेलं. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि तीच आधी लॉक होतात. पुढची चाकं लॉक झाली तर गाडी सरळ घसरत जाते. मागची झाली तर गाडी फिरते, आणि ताशी १२० किलोमीटरच्या वेगात फिरलेली गाडी नवख्याला सावरता येत नाही.

दुसरं कारण टायरचं. गाडीच्या वेगापेक्षा चाक साधारण १० ते २० टक्के हळू फिरत असतं तेव्हा पकड सर्वांत जास्त मिळते. चाक पूर्ण लॉक झालं की पकड कमी होते, स्टिअरिंग निकामी होतं आणि टायर एकाच जागी घासून सपाट होतो. एबीएस प्रत्येक चाकाचा वेग वेगळा मोजतं, तुमच्याकडे मात्र चार चाकांना मिळून एकच पेडल आहे. फॉर्म्युला वनमध्ये १९९४ पासून एबीएसवर बंदी आहे ती ड्रायव्हरला मदत नको म्हणून. ते हळू असतं म्हणून नव्हे. जीटी३ वर्गाच्या रेस गाड्या आजही एबीएस लावूनच धावतात. अपवाद मातीचा. ऑटोक्रॉस किंवा रॅलीत सुट्या मातीवर लॉक झालेल्या चाकापुढे मातीचा ढीग साचतो आणि गाडी लवकर थांबते. कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला डांबर आहे, तिथे हा मुद्दाच येत नाही.

एबीएस चालू ठेवा आणि ते काम करताना पेडल कधी थरथरतं ते ऐका. फुकटचा प्रशिक्षक आहे तो.

ब्रेक दाबल्या दाबल्याच पेडल थरथरलं तर तुम्ही लाथ मारताय. वजन पुढच्या टायरवर यायला थोडा अवधी लागतो आणि तुम्ही त्याआधीच पूर्ण दाब मागितलात. लिंबू पिळताना हात जसा आवळत नेतो तसं पेडल आवळत न्या, पण झटपट, साधारण पाव सेकंदात. मधेच थरथरलं तर रस्त्यावर खळगा आहे किंवा दाब किंचित जास्त आहे, एवढंच. वळायला लागल्यावर थरथरलं तर पूर्ण ब्रेक ठेवूनच स्टिअरिंग फिरवताय. टायरची पकड ब्रेक आणि वळण दोन्हीकडे वाटली जाते, म्हणून स्टिअरिंग जितकं फिरेल तितका पाय उचलत जायचा. खरा वेळ वाचतो तो या सोडण्यात. बहुतेक जण ब्रेक कुठे मारायचा यावरच डोकं खपवतात आणि पाय मात्र झटकन काढतात. मग पुढचा भाग उचलला जातो आणि गाडी वळतच नाही.

लाथ मारण्याचा आणखी एक तोटा. उंचवट्यावर किंवा कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या पट्टीवर) अचानक दाब दिला की चाकाचा वेग एकदम पडतो आणि काही गाड्यांचं एबीएस समजतं की रस्ता बर्फासारखा निसरडा आहे. पेडल दगडासारखं कडक होतं आणि गाडी थांबत नाही. अशा वेळी अजून जोरात दाबून उपयोग नाही. क्षणभर पाय हलका करा आणि पुन्हा आवळा.

आता हिशेब. ताशी १५० किलोमीटरवरून ६० वर यायला, चांगले रोड टायर ०.९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट) इतकी ब्रेकिंग देतात असं धरलं तर, सुमारे ८३ मीटर आणि २.८ सेकंद लागतात. त्यामुळे सुरुवातीला वळणाआधीच्या १५० मीटरच्या पाटीपाशी ब्रेक मारा. वळणाच्या तोंडाशी हातात वेळ उरला तर पुढच्या लॅपला थोडेच मीटर पुढे सरका. एका वेळी एकच गोष्ट बदला.

उष्णता विसरू नका. ११०० किलोच्या गाडीला १५० वरून ६० वर आणताना ब्रेकमध्ये सुमारे ८०० किलोज्यूल जिरतात, म्हणजे ८० वरून पूर्ण थांबण्याच्या जवळपास तिप्पट. आणि हे प्रत्येक लॅपमध्ये पुन्हा होतं. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, याचा अर्थ पॅड तापून गेलेत. पेडल मऊ होऊन खाली जातंय, याचा अर्थ ब्रेक ऑइल उकळलंय. दुसरं जास्त धोक्याचं. तसं झालं तर पेडल भराभर पंप करा, खालचा गिअर टाका आणि ती लॅप हळू संपवून पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबवायच्या जागी) या.

जाण्याआधी ब्रेक ऑइल बदलाच. डॉट ४ या दर्जाच्या ऑइलचा किमान उकळबिंदू नवं असताना २३० अंश सेल्सिअस असतो, हवेतला ओलावा शोषल्यावर १५५ पर्यंत येतो. दोन वर्षं जुनं ऑइल घेऊन ट्रॅकवर जाणं मला पटत नाही. डॉट ५.१ चालतं (नवं २६०, ओलावा शोषल्यावर १८०), पण डॉट ५ मुळीच नको, ते सिलिकॉनचं असतं. एक लिटर पुरतं. जुनं ऑइल काढताना चाकांचा क्रम मॅन्युअलप्रमाणे ठेवा. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलायचा असेल तर आधी ब्लीडिंग निपल (ऑइल बाहेर सोडायची तोटी) उघडा, नाहीतर कॅलिपरमधलं घाण ऑइल उलटं एबीएस युनिटमध्ये जातं. तिथे हवा शिरली तर ती काढायला अनेक गाड्यांना स्कॅनर लागतो. पॅड अर्ध्याहून झिजले असतील तर बदला, आणि नवे असतील तर मोकळ्या रस्त्यावर ८० वरून २० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा ब्रेक लावून बसवून घ्या.

सेशनची शेवटची लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता चालवा. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका. पेडलवर पाय ठेवूनही उभे राहू नका, तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि मग परतीच्या वाटेवर प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थडथडतं. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकडाचा ठोकळा लावा.