सुरी सापडली म्हणून लढवय्या नव्हे

तुम्ही विचारलंय की अँग्लो-सॅक्सन (म्हणजे मध्ययुगाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधल्या) बायकांच्या आणि लहान मुलांच्या थडग्यांतही लोखंडी सुऱ्या निघतात, मग ती सगळी माणसं लढायची का? नाही. शस्त्र बघायचं तर भाला आणि ढाल बघा. तलवार तर मोजक्यांच्याच नशिबी. सुरी म्हणजे रोजचं अवजार. कमरेला कोयती अडकवून निघालेला कोकणातला माणूस काही लढाईला निघालेला नसतो, तसंच हे.

5व्या ते 7व्या शतकातल्या इंग्लंडमधल्या दफनांत सुरीइतकी नित्याची वस्तू क्वचितच दुसरी असेल. सापडते बहुधा कमरेपाशी, कारण चामड्याच्या म्यानात घालून ती पट्ट्याला लटकवायचे. जमिनीतून वर येतो तो मात्र नुसता गंजाचा गोळा. पण मुठीत शिरणाऱ्या निमुळत्या टोकावरचा गंज भिंगाखाली नीट पाहिला, तर त्यात शिंगाचा किंवा लाकडाचा पोत उमटलेला दिसतो. मूठ कधीच कुजली, तिचा ठसा लोखंडाने धरून ठेवला. मला तरी सोन्याच्या पिनांपेक्षा हे जास्त भावतं.

खरी मेख पात्याच्या लांबीत आहे. पुरातत्त्वज्ञ हाइनरिश हेर्के यांनी 1989 साली दाखवून दिलं की मुलांजवळच्या सुऱ्या आखूड असतात आणि साधारण 13 सेंटिमीटरच्या पुढची पाती फक्त प्रौढ पुरुषांजवळ मिळतात. म्हणजे सुरी सगळ्यांकडे, पण केवढी, ते वय आणि लिंग बघून. उलटा निष्कर्ष मात्र काढू नका. आखूड पातं पुरुषाजवळही असतं.

शिवाय पातं झिजतं. पुष्कळ सुऱ्यांत पाठ साध्या लोखंडाची आणि धारेपुरती पोलादाची पट्टी तापवून, ठोकून जोडलेली. पोलाद महाग, लोहार ते पुरवून वापरणार. पाजवून पाजवून ही पट्टी संपत आली की धार आत वळते, पातं अरुंद होतं. क्ष-किरण चित्रात कधी कधी त्या सांध्याची रेघही दिसते. सांध्यापर्यंत झिजलेली सुरी मयतासाठी मुद्दाम घडवलेली नसणार, ती त्याच्या रोजच्या वापरातलीच. निदान कुणाच्या तरी वापरातली. पुरणाऱ्यांनी घरातली जुनी सुरी दिली नसेलच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.