आधी श्वास सोडायला शिकवा

प्रश्न : माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. आयुष्य चुलीच्या धुरात गेले आणि तीन वर्षांपूर्वी सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराचे, निदान झाले. फिजिओथेरपिस्टने श्वासाचे व्यायाम शिकवले होते, पण एका रात्री दम लागलेला असताना त्यांनी ते करून पाहिले आणि जीव अधिकच घाबरा झाला. आता त्या म्हणतात, "श्वासच पुरत नाही, त्याचा व्यायाम कसला करू?" त्यांना धीर कसा द्यावा?

उत्तर : ताई, सासूबाईंचा नकार अनुभवातून आलेला आहे, हे आधी घरातल्या सर्वांनी मान्य करावे. पोहणे न येणाऱ्याने पहिला धडा पुराच्या पाण्यात घ्यावा, तसे त्या रात्री घडले.

या आजारात लहान श्वासनलिका श्वास सोडतानाच मिटू लागतात, आतली हवा पुरती बाहेर पडत नाही आणि नव्या हवेला जागा उरत नाही. भीतीने श्वास जलद झाला की अडकलेली हवा आणखी वाढते. म्हणून त्यांना "मोठा श्वास घ्या" असे सांगणे कृपया थांबवा. शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून सावकाश श्वास सोडला, तर नलिकांमध्ये थोडा दाब टिकतो आणि त्या उघड्या राहतात. नाकाने दोन अंक मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, ओठांतून चार अंक मोजेपर्यंत सोडायचा. फुंकणीने चूल फुलवताना लागतो तसा जोर इथे मुळीच नको. बशीतल्या चहावर घालतो तेवढी हलकी फुंकर पुरे. जन्मभर फुंकणी हाताळलेल्या बाईंना हा फरक लगेच कळेल.

सुरुवात सकाळी, दम शांत असताना, पाठीला टेकू देऊन आणि खांदे सैल सोडून करावी. चार-पाच श्वास झाले की थांबावे. तुम्हीही शेजारी बसून करा, पण समोर उभे राहून आकडे म्हणू नका, कारण दुसऱ्याच्या मोजणीमागे धावताना दम लागतो. हे अंगवळणी पडले की फुंकर कामाला जोडा : खुर्चीतून उठताना, पायरी चढताना श्वास सोडायचा. तुळशीला पाणी घालून त्या न थांबता परत आल्या, तर तो पुरावा त्यांना तुमच्या समजावण्यापेक्षा अधिक पटेल. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्या जरूर म्हणू द्या. ओवीचा चरण लांबवताना श्वास आपोआप सावकाश सुटतो, आणि तिथे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

या व्यायामाने फुफ्फुसे पूर्ववत होत नाहीत, हे त्यांना खरे सांगा; दम आवरता मात्र येतो. इन्हेलर बंद करू नये, आणि कुणाच्या सांगण्यावरून कपालभाती किंवा श्वास रोखण्याचे प्रकार करू नयेत. घरात चूल अजून पेटत असेल, तर ती आधी बंद व्हायला हवी. ओठ निळसर दिसले, एक वाक्यही सलग बोलता येईना किंवा त्या गोंधळल्यासारख्या वागू लागल्या, तर व्यायामाच्या भरवशावर न थांबता त्यांना तत्काळ रुग्णालयात न्या.